मराठवाड्यात घरच्या रीफ टँकचं तापमान वर्षभर कसं सांभाळायचं: पंख्यापासून चिलरपर्यंत सगळं सविस्तर

परभणी, नांदेड, जालना, लातूर, संभाजीनगर, आपल्याकडं आता बऱ्याच जणांनी मरीन टँक (खाऱ्या पाण्याचे, मासे आणि कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचे) लावलेत आणि एप्रिल लागला की सगळे एकच विचारायलेत, पाणी ३० च्या पुढं गेलंय, चिलर (टँकचं पाणी गार करणारं मशीन) घेऊ का? माझं मत सरळ आहे. चिलर सगळ्यात शेवटी. आपल्या इथली उन्हाळ्यातली हवा इतकी कोरडी असते की मुंबई-चेन्नईवाल्यांना जे काम चिलरशिवाय होत नाही ते आपल्याकडं दोन छोट्या पंख्यांवर होतं, फक्त त्याचं बिल लाइटच्या मीटरवर न येता पाण्यात येतं, आणि पाणी हीच आपल्याकडची खरी अडचण. त्यात परत हेच पंखे ऑगस्टमध्ये ढिम्म काम करत नाहीत आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे हीटर नसला तर टँक गारठतो. म्हणून आपल्याला एक सेटिंग करून वर्षभर निवांत बसता येत नाही, ऋतू बदलला की टँकची व्यवस्था बदलावी लागते.

खाली सगळे आकडे २०० लिटरचा टँक धरून दिलेत, तुमचा लहान-मोठा असेल तर त्या हिशोबानं कमीजास्त करा.

आधी टार्गेट ठरवा

२४ ते २७ डिग्रीच्या मधे कुठंही कोरल नीट राहतात. मी उन्हाळ्यात २६.५ आणि थंडीत २५ धरा म्हणतो, कारण मे महिन्यात २५ चा हट्ट धरला तर उगं पाणी आणि लाइट जळते. पण एकदा आकडा ठरला की दिवसभरात तो एक डिग्रीपेक्षा जास्त हलू द्यायचा नाही. सकाळी २५ आणि संध्याकाळी २९ असं रोज होणाऱ्या टँकपेक्षा कायम २७ वर असणारा टँक कधीही बरा.

कारण असं की कोरलच्या अंगात झूझँथेली नावाचं बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि कोरलचं बरंचसं पोट त्याच्यावर चालतं. पाणी जास्त तापलं की हा संसार बिघडतो, कोरल त्या शेवाळाला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, त्यालाच ब्लीचिंग म्हणतात. खुल्या समुद्रात नेहमीच्या सगळ्यात गरम महिन्यापेक्षा पाणी फक्त एक डिग्री जास्त राहिलं आणि ते काही आठवडे तसंच राहिलं तरी ब्लीचिंग सुरू होतं. आपल्या लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ ला हेच झालं. एवढ्या मोठ्या समुद्रात एक डिग्रीनं असं होतं तर आपल्या काचेच्या पेटीत चार डिग्रीनं काय होईल ते बघा.

माशांचं वेगळंच दुखणं असतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, समुद्राच्या पाण्यात २५ डिग्रीला लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम आणि ३० ला ६.२ च्या आसपास, आणि त्याच वेळी गरमीनं माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. त्यामुळं उन्हाळ्यात मासे मरतात ते बऱ्याचदा उष्णतेनं नाही, गुदमरून मरतात, आणि ते पण रात्री किंवा लाइट गेल्यावर.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं मोजा

काही विकत घ्यायच्या आधी कमीत कमी एक आठवडा रोज सकाळी ६ ला आणि दुपारी ४-५ च्या दरम्यान तापमान लिहून ठेवा, सोबत त्या खोलीच्या हवेचं पण. मिन-मॅक्स दाखवणारा डिजिटल थर्मामीटर मिळाला तर लई बेस. काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी मिळते तिच्यावर अजिबात विसंबू नका, ती निम्मं तापमान खोलीचं दाखवते.

थर्मामीटर खरं बोलतोय का हे पण तपासा. घरी ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर असतोच, एका वाटीत कोमट पाणी घ्या, ३७-३८ च्या आसपास, त्यात दोन्ही बुडवा आणि आकडे जुळवून बघा. दुसरी तपासणी बर्फाची, ग्लासभर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, ढवळून पाच मिनिटांनी शून्याच्या जवळ दाखवलं पाहिजे. स्वस्तातल्या प्रोबमध्ये (थर्मामीटरचं पाण्यात बुडवायचं टोक) एक-दीड डिग्रीचा फरक सहज निघतो आणि सगळी व्यवस्था त्याच्यावरच उभी राहणार असते, म्हणून हे दहा मिनिटांचं काम टाळू नका. प्रोब नेहमी वाहत्या पाण्यात ठेवा, हीटरला चिकटून नको आणि कोपऱ्यात तुंबलेल्या पाण्यात पण नको.

दुसरी पायरी: उष्णता येते कुठून ते शोधा

पंपाच्या खोक्यावर जे वॅट लिहिलेले असतात ते जवळपास सगळे शेवटी पाण्यात उष्णता बनून उतरतात, पंप पाण्यात बुडालेला असेल तर. २०० लिटर खारं पाणी एक डिग्रीनं तापायला साधारण ०.२३ युनिट (लाइट बिलातलंच युनिट, किलोवॅट-तास) उष्णता लागते. म्हणजे टँकमध्ये सगळं मिळून १०० वॅटचं सामान असेल आणि उष्णता बाहेर जायला वाटच नसेल तर सव्वादोन-अडीच तासात एक डिग्री वाढ. जुना ६० वॅटचा रिटर्न पंप (खालच्या संपमधून, म्हणजे फिल्टरच्या टाकीतून, पाणी वर टँकमध्ये ढकलणारा) काढून २० वॅटचा डीसी पंप लावला तर तुम्ही ४० वॅटचा हीटर चोवीस तास बंद केल्यासारखं आहे. मी कुणाच्याही टँकवर गेलो की आधी पंपाचे वॅट वाचतो.

दुसरं म्हणजे लाइटची वेळ. आपल्यातले निम्मे लोक दुपारी १२ ला लाइट चालू करतात, बाहेर ४२ असतं तेव्हाच! कोरलला घड्याळ कळत नाही, त्याला रोज तेवढाच वेळ आणि त्याच वेळी उजेड पाहिजे, बस. मार्च संपला की टायमर हळूहळू सरकवा, रोज १५-२० मिनिटं, आणि संध्याकाळी ५ ते रात्री १ असं काहीतरी करून टाका. ऑफिस-दुकानातून घरी आल्यावर टँक बघायला पण मिळतो. एकदम एका दिवसात पाच तास सरकवू नका. मेटल हॅलाइड किंवा टी-५ चे दिवे असतील तर बदलून एलईडी घ्या, आपल्या हवेत त्यांचं काम नाही.

तिसरं घर. पश्चिमेची भिंत आणि वरच्या मजल्यावरचा उघडा स्लॅब, या दोन जागा टँकसाठी सगळ्यात वाईट, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ११-१२ पर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. तळमजला, उत्तरेची किंवा पूर्वेची खोली बघा. ज्यांचं गावाकडं जुनं माळवदाचं घर आहे त्यांच्याकडं तर नैसर्गिक एसीच आहे, जाड भिंती आणि वर मातीचा थर, भर मेमध्ये पण आतली खोली स्लॅबच्या घरापेक्षा किती तरी गार असते. फक्त टँक जमिनीवर पक्क्या फरशीवर ठेवा, २०० लिटरचा टँक दगड-स्टँडसकट २८०-३०० किलोच्या घरात जातो. स्लॅबचंच घर असेल तर गच्चीवर पांढरा चुना नाहीतर कूल रूफचा रंग मारा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताटी किंवा ग्रीन नेट बांधा. आतून पडदा लावून तेवढा फायदा होत नाही, ऊन काचेच्या आत आल्यावर अडवून काय उपयोग.

तिसरी पायरी: पंखे. उन्हाळ्याचं खरं हत्यार

माठ जसा गार होतो तसंच टँकचं पाणी गार होतं. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की ते आपल्यासोबत साधारण ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. म्हणजे १०० वॅटचं सामान २४ तासात पाण्यात जी २.४ युनिट उष्णता टाकतं ती चार लिटर पाणी उडालं की सगळी बाहेर, वर थोडी खोलीची पण.

आता हे किती खाली नेऊ शकतं ते हवेच्या दमटपणावर आहे. बाहेर ४२ डिग्री आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, जे आपल्याकडं मे महिन्याच्या दुपारी नेहमीचंच आहे, तर ओलं फडकं वाऱ्यात धरल्यावर जास्तीत जास्त जे थंड होईल ते तापमान २२ च्या आसपास येतं. पाणी २२ पर्यंत जाणार नाही, पण २६-२७ ला धरून ठेवायला ही जागा बक्कळ आहे. तेच श्रावणात हवा ३० डिग्री आणि आर्द्रता ८० टक्के असली की हा आकडा २७ वर येतो. म्हणजे पंखा कितीही फिरवा, २७ च्या खाली जाणं शक्यच नाही आणि पंपाची उष्णता धरली तर २८-२९ वरच थांबणार. पावसाळ्यात माठातलं पाणी गार लागत नाही ना, त्याचं कारण हेच.

कोणता पंखा घ्यायचा? कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे १२० मिमीचे दोन पंखे पुरतात, एकेक जेमतेम २-४ वॅट खातो. टँकच्या कडेला किंवा संपवर असे लावा की हवा पाण्यावरून तिरकी सरपटत जाईल, सरळ वरून खाली नको. हवा एका बाजूनं आली तर दुसऱ्या बाजूनं जायला पाहिजे, संपचं कपाट बंद असेल तर आतली हवा दमट होऊन पंखा नुसता तीच हवा फिरवत बसतो, म्हणून कपाटाचं मागचं फळकूट काढून टाका. वरचं काचेचं झाकण उन्हाळ्यात काढा आणि त्याऐवजी बारीक जाळी बसवा, मासे उडी मारतात.

पंख्याकडं आठवड्यातून एकदा जवळ जाऊन बघा. पात्यांच्या कडेला पांढरी खरबरीत साय धरलेली दिसेल, मिठाची. ती पातं जड करते, मग पंखा घरघर करायला लागतो आणि एक दिवस बंद पडतो, बहुतेक वेळा दुपारीच. ओल्या फडक्यानं पुसून वाळवून परत लावा. एक पंखा जास्तीचा घरात ठेवा, शंभर-दोनशेच्या वस्तूसाठी टँक जायला नको.

कूलरचं काय, हे पण लई जण विचारतात. कूलर चालतो पण खिडकीत बाहेरून बसवलेला असावा आणि समोरचं दार नाहीतर खिडकी उघडी पाहिजे. बंद खोलीत कूलर लावला की खोली दमट होते आणि टँकच्या पंख्याचं काम थांबतं. कूलरच्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून रॉकेल किंवा औषध टाकायची सवय असेल तर टँक असलेल्या खोलीच्या कूलरमध्ये ते अजिबात नको, त्याऐवजी दर चार-पाच दिवसाला पाणी ओतून टाकी कोरडी करा. डासाचा स्प्रे आणि लिक्विड मशीन पण त्या खोलीत नको, त्यातली औषधं झिंगे-खेकड्यांना आणि माशांना लई घातक असतात.

चौथी पायरी: उडालेलं पाणी भरून काढणं

इथंच आपल्याकडचं काम अवघड होतं. उन्हाळ्यात पंखे लावलेल्या २०० लिटरच्या टँकमधून रोज ३ ते ५ लिटर पाणी उडतं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागं राहतं. ५ लिटर उडालं आणि एक दिवस भरायचं राहिलं की ३५ ची सॅलिनिटी (खारटपणा, हजार भागात ३५ भाग मीठ) जवळपास ३६ होते, तीन दिवस राहिलं तर विचारूच नका. म्हणून भरायचं ते आरओ-डीआयचं (आरओ फिल्टर आणि त्यापुढं उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन, यातून आलेलं) गोडं पाणीच, मिठाचं पाणी कधीच टॉप-अपला वापरायचं नाही.

आपल्या बोअरचं पाणी जड, टँकरचं त्याहून जड, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) हजाराच्या वर असणं नवल नाही. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी थेट चालत नाही, त्यात चव यावी म्हणून थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. त्याच्यापुढं डीआय रेझिनची एक नळी जोडा आणि टीडीएस मीटरवर शून्य येतंय का बघा, २-३ दाखवायला लागलं की रेझिन बदला. बोअरच्या पाण्यावर रेझिन लवकर संपतं, हा खर्च आधीच धरून चाला. आरओमधून एका लिटरमागं दोन-तीन लिटर पाणी वाया जातं, ते गटारात सोडू नका. ज्या भागानं २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येताना बघितलंय त्या भागात छंदासाठी पाणी वाया घालवलेलं शोभत नाही. फरशी, भांडी, संडास-बाथरूम, झाडं, सगळीकडं ते चालतं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथं टॉप-अपचं पाणी साठवायला झाकणाचा ५० लिटरचा फूडग्रेड ड्रम वेगळाच ठेवा.

एसीच्या पाइपातून गळणारं पाणी डिस्टिल्डसारखं असतं म्हणून ते वापरा असं सांगणारे भेटतात. ते पाणी तांब्याच्या कॉइलवरून येतं. तांबं कोरल, झिंगे, गोगलगाय सगळ्यांना विष. नाही म्हणजे नाही.

रोज हातानं भरायचं असेल तर संपवर मार्करनं रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ त्या रेघेपर्यंत भरा. जमत असेल तर ऑटो टॉप-अप (पाणी कमी झालं की आपोआप भरणारं यंत्र) घ्या, पण त्याची बादली १०-१५ लिटरपेक्षा मोठी ठेवू नका. सेन्सर अडकून १५ लिटर एकदम आत गेलं तर सॅलिनिटी ३२-३३ पर्यंत येईल, त्यातून टँक सावरतो, ५० लिटर गेलं तर सावरत नाही.

आणि पाणी बदलताना एक लक्षात ठेवा, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. त्यातून केलेलं आरओचं पाणी पण गरमच निघतं. आदल्या रात्री पाणी काढून मीठ मिसळून ठेवा, सकाळी थर्मामीटर टाकून टँकशी जुळलं की मगच बदला.

पाचवी पायरी: कंट्रोलर

पंखा हातानं चालू-बंद करणं चार दिवस जमतं. तापमान बघून पंखा-हीटर आपोआप चालू-बंद करणारा एसटीसी-१००० नावाचा कंट्रोलर काही शे रुपयात मिळतो, वायरिंग स्वतः किंवा ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या, नाहीतर इंकबर्डसारखा तयार सॉकेटवाला घ्या. त्यात दोन बाजू असतात, एक गरम करायची आणि एक थंड करायची. २५.५ वर सेट करून फरक ०.५ ठेवला तर २५ ला हीटर चालू होतो, २६ ला पंखा चालू होतो, आणि दोन्ही २५.५ ला बंद होतात. यामुळं हीटर आणि पंखा एकाच वेळी भांडत बसत नाहीत. उन्हाळ्यात तोच सेट पॉइंट २६.५ करा, पण एकदम नको, तीन-चार दिवसांनी पाव डिग्री असं करत जा.

प्रोब पाण्यातून निघून बाहेर लोंबकळला तर कंट्रोलर खोलीचं तापमान वाचत बसेल. थंडीत त्याला वाटेल पाणी १८ झालंय आणि तो हीटर चालूच ठेवेल. म्हणून प्रोब सक्शन कपवर भरवसा न ठेवता केबल टायनं बांधून टाका.

अर्थिंगचं बोलल्याशिवाय पुढं जात नाही. खारं पाणी आणि वीज यांची गाठ जिवावर बेतू शकते. टँकच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवाच. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली वाकवून मग वर न्या म्हणजे थेंब वायरवरून सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन पार सुकते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा. पाण्यात हात घालायच्या आधी हीटर आणि पंप बंद.

पावसाळा आणि ऑक्टोबर

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की हवा दमट होते आणि लोकांना वाटतं आता सुटलो. खरं तर जून-जुलैमध्ये उघडीप पडली की सगळ्यात जास्त त्रास तेव्हाच होतो, ३४-३५ डिग्री आणि वरून दमट, पंखा अर्धाच चालतो. यावेळी पाणी कमी उडतं म्हणून टॉप-अप पण कमी करा, हातानं भरणारे सवयीनं तेवढंच भरतात आणि सॅलिनिटी खाली येते. ऑक्टोबरमध्ये ऊन तापतं पण हवा परत कोरडी व्हायला लागते, तेव्हा पंखे पुन्हा कामाला येतात.

ज्यांना पावसाळ्यात पण २६ च पाहिजे त्यांच्यासाठी मग एसी किंवा चिलर. माझा कौल एसीला, जर टँक झोपायच्या खोलीत असेल तर. एक टनाचा इन्व्हर्टर एसी २७ वर ठेवला की तो हवा गार तर करतोच, शिवाय कोरडी करतो, मग पंख्याला पुन्हा जोर येतो आणि घरातली माणसं पण नीट झोपतात. टँक हॉलमध्ये असेल आणि हॉल मोठा, उघडा असेल तर चिलर बघा.

चिलर घेताना त्याच्या खोक्यावर लिहिलेल्या लिटरवर जाऊ नका, तो आकडा साध्या खोलीच्या तापमानाचा असतो. ३८-४० च्या खोलीत त्याची ताकद कमी होते, म्हणून १/१० एचपी पुरेल असं लिहिलं असेल तर एक साइज मोठा घ्या. तो पाण्यातली उष्णता काढून मागून खोलीतच फेकतो, संपच्या कपाटात कोंबला तर स्वतःच्याच गरम हवेत तापून ट्रिप होतो. चिलर बाहेर सावलीच्या व्हरांड्यात ठेवून पाइप आत आणणं सगळ्यात उत्तम. जुगाड म्हणून बादलीतल्या बर्फात तांब्याची नळी फिरवून टँकचं पाणी त्यातून नेणारे व्हिडिओ दिसतात, तांब्याचं वर सांगितलंच आहे.

थंडी

परभणीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ७-८ च्या खाली जातो, घरात १६-१८ होतं. लिटरला साधारण एक वॅट धरा, म्हणजे २०० लिटरला २०० वॅट, पण २०० चा एक हीटर नको, १०० चे दोन घ्या. हीटर खराब होतो तेव्हा बऱ्याचदा बंद न पडता चालूच अडकतो, आणि २०० वॅटचा अडकला तर सकाळपर्यंत टँक उकडून निघतो. १०० चा अडकला तर तुम्हाला उठून बघायला वेळ मिळतो. हीटरचं स्वतःचं थर्मोस्टॅट २६ वर ठेवा आणि कंट्रोलर २५ वर, म्हणजे एकानं दगा दिला तरी दुसरा आहे. टँकच्या मागं आणि दोन्ही बाजूला एक इंच थर्माकोल लावला आणि झाकण परत बसवलं की हीटर निम्मा वेळ पण चालत नाही.

लाइट गेली तर

डीपी जळाली की दोन-दोन दिवस लाइट येत नाही हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) किंवा रिटर्न पंप, पंखे आणि कंट्रोलरची पंख्याची बाजू घ्या. हीटर, चिलर, लाइट घेऊ नका. १५० एएचच्या बॅटरीतून प्रत्यक्षात १.२ युनिटच्या आसपास वापरता येतात, ३० वॅटचा भार असेल तर रात्र आणि वर अर्धा दिवस आरामात निघतो. इन्व्हर्टर साइनवेव्हचाच पाहिजे, स्क्वेअरवेव्हवर पंप गुरगुरतात आणि तापतात. बॅटरीवर चालणारा एक छोटा एअर पंप पण घरात असू द्या. लाइट परत येताना व्होल्टेज उसळी मारतं, चिलर असेल तर स्टॅबिलायझर आणि कंट्रोलरमध्ये ३ मिनिटांचा कंप्रेसर डिले (चिलर लगेच चालू होऊ न देणारी सेटिंग) लावून ठेवा.

पाणी ३० च्या पुढं गेलंच तर

क्रम सांभाळा. सगळ्यात आधी हवा, एअर पंप किंवा वेव्हमेकरचं तोंड वर करून पाण्याचा पृष्ठभाग हलवा. मग टँकचे लाइट बंद, झाकण काढा, मिळेल तो टेबलफॅन पाण्यावर लावा. त्यानंतर बर्फाच्या बाटल्या. एप्रिलमध्येच चार-पाच एक लिटरच्या स्वच्छ बाटल्या आरओचं पाणी भरून फ्रीजरला लावून ठेवा, गोठताना पाणी फुगतं म्हणून थोड्या रिकाम्या ठेवा. अशी एक बाटली २०० लिटर पाणी साधारण अर्धा डिग्री उतरवते. संपमध्ये एकच टाका, ती विरघळली की दुसरी. तासाला अर्ध्या ते एक डिग्रीपेक्षा जास्त उतरवू नका, घाबरून पाच बाटल्या एकदम टाकल्या तर झटक्यानं जे कोरल वाचणार होतं ते पण जाईल. सुटा बर्फ थेट टाकायचा नाही, बर्फगोळ्याच्या गाडीवरचा तर नाहीच. त्या दिवशी खाऊ घालू नका, दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासा. पांढरं पडलेलं कोरल लगेच फेकून देऊ नका, ब्लीच झालेलं कोरल जिवंत असतं, उजेड कमी करून पाणी स्थिर ठेवलं तर काही आठवड्यांत रंग परत धरू शकतं.

नवीन जीव आणताना

क्रॉफर्ड मार्केटातून किंवा पुण्याहून मासे-कोरल आणायचे तर एप्रिल-मेमध्ये शक्यतो आणूच नका, आणायचेच असतील तर रात्रीच्या गाडीनं, देवगिरी आहे, स्लीपर बस आहेत, थर्माकोलच्या डब्यात घालून सीटखाली, डिकीत कधीच नाही. घरी आल्यावर पिशवी तोंड न उघडता १५-२० मिनिटं संपमध्ये तरंगत ठेवा म्हणजे तापमान जुळेल. घेताना दुकानदाराला कागद विचारा. भारतीय समुद्रातले दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत, जिवंत असो की वाळलेले, ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे. सुरुवात करणाऱ्यानं मशरूम, झोआंथस, लेदर असे मऊ कोरल घ्यावेत, तापमान उलीसं हललं तरी ते सहन करतात, आणि पहिला पूर्ण उन्हाळा टँक नीट निघाल्यावरच पुढचं बघावं.

पैसे थोडे असतील तर खरेदीचा क्रम असा ठेवा: चांगला थर्मामीटर, आरसीसीबी, दोन पंखे, कंट्रोलर, डीआयची नळी आणि टीडीएस मीटर, मग ऑटो टॉप-अप, थंडीच्या आधी दोन हीटर, त्यानंतर साइनवेव्ह इन्व्हर्टर. एवढं सगळं लावून जूनमध्ये परत आठवडाभर सकाळ-दुपारचे आकडे लिहा, आणि तरीही पाणी २८ च्या वर थांबत असेल तरच चिलर किंवा एसीकडं वळा.